हूड निघतो ना?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. कासला फुलं आली की आम्ही सातारकर उलट तिकडं जायचं टाळतो, गर्दी सगळी पुण्या-मुंबईची असते आणि पार्किंगपासूनच चालायला लागतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आण्णा नुसते खिडकीत बसून अजिंक्यताऱ्यावरचे ढग बघत बसायचे, म्हणून एका मंगळवारी सकाळी त्यांना वॅगनआरमध्ये बसवलं आणि यवतेश्वरचा घाट चढलो. फुलं बघायची नव्हतीच, वर जाऊन भाजलेलं कणीस खायचं आणि माघारी यायचं एवढाच बेत. घाट संपून थोडं पुढं गेलो तर कणसाच्या टपरीसमोर एक लांबलचक गडद निळी गाडी उभी. दोनच दारं. आणि तिचं छप्पर धड उघडं नाही, धड मिटलेलं नाही, मधेच हवेत अडकलेलं, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखं. डिकीचं झाकण नेहमीपेक्षा उलट्या बाजूनं आ वासून वर आलेलं. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस आत बसून एकच बटण दाबतोय, दाबतोय, बाजूला त्याची बायको डोक्यावर ओढणी घेऊन उभी, आणि बारीक झिमझिम सुरू झालेली. चार-पाच पोरं मोबाईल काढून शूटिंग करत होती. गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही, कुठलंही यंत्र कधीतरी रुसतंच.

मी गाडी पुढं काढणार तेवढ्यात आण्णा म्हणाले, "थांब." काठी टेकत ते उतरले आणि सरळ त्या छपराजवळ गेले. बटण, स्क्रीन, त्यावर येणारा लाल मेसेज, कशाकडंच बघितलं नाही. कापडाची कड अंगठ्यात आणि तर्जनीत धरली आणि कापडाच्या दुकानात बायका साडीचा पोत बघतात तशी चोळली. मग वाकून आतल्या बाजूनं बघितलं. आणि त्या माणसाला पहिला प्रश्न विचारला, "सायेब, ह्याची शिवण कुठंय?"

आता हे समजायला आण्णा कोण ते सांगायला पाहिजे. आण्णा हूडवाले. पोवई नाक्याच्या बाजूला आमचं छोटं कुशनचं दुकान होतं, सीट, रेक्झिनची कव्हरं, आणि मुख्य म्हणजे जीपचे हूड. वडापच्या, म्हणजे गावोगावी सीट भरून माणसं नेणाऱ्या जीपा जोरात होत्या तेव्हा मेढ्यापासून कोरेगावापर्यंतच्या कितीतरी जीपांच्या डोक्यावर आण्णांनी शिवलेलं छप्पर होतं. त्या दिवशी त्यांनी टपरीवाल्याकडची निळी ताडपत्री मागून घेतली आणि ते अर्धवट छप्पर झाकायला लागले. दोरी बांधायला जागाच सापडेना. दाराची हँडलं आत दडलेली, बंपरला हूक नाही, बाहेर आलेलं काही म्हणून काही नाही, सगळी गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. "बांधायला कायतरी ठेवायचं ना," असं पुटपुटत शेवटी त्यांनी चाकाच्या आऱ्यांमधनं दोरी काढली आणि त्यांची ती ठरलेली गाठ मारली, जी एका हातानं ओढली की सुटते.

मग आम्ही पाचजण टपरीच्या पत्र्याखाली. चहा झाला, कणसं झाली. पुण्याचे होते दोघं, बोलायला चांगले होते. आण्णांनी विचारलं, "किती येळा उघडता हे?" तो माणूस जरा विचारात पडला. गाडीला तीन वर्षं झालेली. "पंधरा-एक वेळा असेल काका." बायको कणीस खाता खाता म्हणाली, "पंधरा? आठ." मग दोघांनी बोटांवर मोजलं. उन्हाळ्यात डोकं भाजतं म्हणून नाही, पावसाळ्यात नाही, गावात धूर आणि धूळ म्हणून नाही, सिग्नलला उभं राहिलं की शेजारचा रिक्षावाला डोकावून ॲव्हरेज विचारतो म्हणून नाही. राहता राहिल्या डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी. दहा झाले मोजून. आण्णांनी आपलं सरळ विचारलं, "मग हाय कशाला?"

तो हसला. "उघडता येतं ना काका."

अर्ध्या तासानं त्यानं गाडी पूर्ण बंद करून लॉक केली, थोडं थांबून परत चालू केली, आणि ते छप्पर काही झालंच नव्हतं असं शांतपणे पुढं सरकून काचेला चिकटलं. का अडकलं, का सुटलं, कुणालाच कळलं नाही. ताडपत्री घडी करून परत दिली, गेले ते. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातनं काही गेलं नाही, कारण ते मी आधी ऐकलं होतं. वेगळ्या शब्दात, आमच्याच दुकानात.

हूड दोन प्रकारे शिवता येतो. एक म्हणजे फिक्स, सांगाड्याच्या पाईपवर ताणून, कडा पक्क्या करून टाकायचा. स्वस्त पडतो, कमी गळतो, फडफडत नाही. दुसरा म्हणजे पट्ट्या-बकलांचा, पाहिजे तेव्हा सोडवायचा आणि गुंडाळून मागं बांधायचा. त्याला कापड जास्त, रिंगा जास्त, बकलं जास्त, मेणाच्या दोऱ्यानं हातशिलाई जास्त, आणि पावसात बकलापाशी हमखास पाणी झिरपणार. आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे फिक्सचं सांगायचे. वडापवाला बिचारा, पंधरा-सोळा माणसं, दोन दुधाचे कॅन आणि एखादी शेळी कोंबून डोंगरातनं जा-ये करणारा, त्याला छप्पर काढायची वेळ येणार कधी? तरी तो उंबऱ्यात उभा राहून विचारणार, "आण्णा, हूड निघतो ना पण?" आणि बकलाचाच घेणार. मी शाळेतनं येऊन काउंटरवर बसायचो, मला आठवत नाही की कुणी फिक्सचा घेतला. त्या जीपांचे हूड खरंच निघायचे कधी, तर घरातल्या कुणाच्या वरातीला, नाहीतर पंचायतीचा गुलाल पडला की. दुसऱ्या दिवशी हूड परत दुकानात, गुलाबी झालेला, एखादं बकल तुटलेलं. म्हणजे वर्षा-दोन वर्षातनं एकदा. त्या पुण्याच्या साहेबाचं रेकॉर्ड त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

त्या रात्री मी जुने फोटो आणि माहिती वाचत बसलो, झोप येईना म्हणून, आणि मग त्या वाचनात आठवडा गेला. पहिली गंमत म्हणजे कूपे हा शब्द, दोन दारी गाडीला म्हणतात तो. फ्रेंच आहे, अर्थ कापलेला. घोडागाडीची समोरासमोरची चार माणसांची बैठक मधनं कापून दोघांपुरती केली ती कूपे. आपल्या रेल्वेच्या फर्स्ट क्लासमध्ये दोन बर्थचा जो कूपे असतो तो हाच शब्द. लहानपणी मला वाटायचं कूपे म्हणजे आतनं कडी लावायची खोली. तसं बघितलं तर फार चुकीचं नव्हतं ते. मोठ्या दोन दारी गाडीचा सगळा रुबाब तोच आहे, पाच मीटरची गाडी घ्यायची, तीत सात माणसं आरामात बसतील एवढा पत्रा वापरायचा, आणि मग सांगायचं की ही आम्हा दोघांसाठी आहे. मागं सीट असतात, पण त्या नावाला, तिथं जायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून शिरायला लागतं. आमच्याकडं नवीन गाडी आली की पेढे वाटायच्या आधी पहिला प्रश्न, मागं किती बसतात? आत्या, आत्याचा नवरा, त्यांचं गाठोडं, वाटेत भेटलेला ओळखीचा. जागा असून कुणाला न बसवणं ह्याला आमच्या गावात फार वाईट शब्द आहे.

आणि तरीही खोटं कशाला बोलू, त्या निळ्या गाडीवरनं माझी नजर हलत नव्हती. काचा खाली केल्या की मधला खांबच नाही, पुढच्या काचेपासून शेपटीपर्यंत एकच रेघ, कोऱ्या पाटीवर एका दमात ओढलेली. भिजलेल्या चामड्याचा वास, त्यात कणसाचा धूर मिसळलेला. चार दारं असली की ती रेघ मोडते, हँडलं दोन, खांब मधे, डोळा अडखळतो. सौंदर्याची किंमत म्हणून मागच्या माणसाची गैरसोय, असा सरळ सौदा आहे तो. मला तो पटत नाही आणि मला ती गाडी पाहिजे, दोन्ही एकदम.

दुसरी गंमत आण्णांना सांगितली तेव्हा त्यांना फार आवडली. छप्पर काढलं की गाडी हलकी होत नाही, जड होते. कंदी पेढ्यांचा खोका घ्या, झाकण लावलेलं असताना दोन्ही हातांनी पिळून बघा, काही होत नाही. झाकण काढा, लगेच वाकडा होतो. गाडीचं तसंच, म्हणून छप्पर कापलं की खाली, बाजूला, मागं पोलादाची मजबुती घालत बसायची, वर मोटारी, पंप, सिलिंडर. आणि तिसरी गंमत तर त्यांच्याच धंद्यातली. मधे बरीच वर्षं कंपन्यांनी कापड सोडून पत्र्याची घडीची छपरं काढली होती, बटण दाबलं की पत्रा दुमडून डिकीत. सगळ्यांना वाटलं कापडाचे दिवस संपले. पण ती जड, आणि डिकीत सामानाला जागा ठेवत नाहीत. मर्सिडीजच्या एसएल ह्या उघड्या गाडीला दोन पिढ्या पत्र्याचं छप्पर होतं, २०२१ च्या नव्या एसएलला परत कापडाचं आलं, २१ किलो वजन वाचलं. तीन थरांचं कापड, मधे आवाज अडवणारा जाडसर थर. बीएमडब्ल्यूनंही आपल्या उघड्या फोर सिरीजला परत कापडच घातलं. आण्णा हे ऐकून काही बोलले नाहीत, पण दुपारी जेवताना आईला म्हणाले, "जर्मनीत परत हूड सुरू झालेत."

पण एकूण धंदा म्हणाल तर उतरणीला लागलाय. मर्सिडीजनं २०१५ साली फ्रँकफर्टच्या शोमध्ये एस-क्लासची उघडी गाडी दाखवली, १९७१ नंतरची त्यांची पहिली उघडी चार सीटांची मोठी गाडी, साठच्या स्पीडला चालतानासुद्धा वीस सेकंदात छप्पर मिटणारी. पाच वर्षात बंद. पुढची एस-क्लास आली ती फक्त चार दारांची, कूपे पण गेली. रोल्स-रॉयसची कूपे रेथ आणि उघडी डॉन, दोन्ही २०२३ ला संपल्या. रेथनंतर त्यांनी मोठी कूपे काढली, स्पेक्टर, पण ती विजेची, वजन जवळजवळ २,९०० किलो, आणि छप्पर पक्कं. बेंटलीनं तेवढी कॉन्टिनेंटल चालू ठेवलीय, बंद २००३ पासून आणि उघडी २००६ पासून. पण बेंटली असो नाहीतर रोल्स, आता त्यांचं घर चालतं ते उंच गाड्यांवर, रोल्सची सगळ्यात जास्त खपणारी गाडी कलिनन आहे. त्यांचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला, मला तर चूक दिसली नाही. दोन दारी गाडीला दारं वेगळी, बाजूचे पत्रे वेगळे, साचे वेगळे, टक्कर देऊन बघायच्या चाचण्या वेगळ्या, आणि हे सगळं करून गिऱ्हाईक मूठभर. तोच पैसा उंच गाडीत घातला तर ती अमेरिकेत खपते, चीनमध्ये खपते, दुबईत खपते. चीनमध्ये मोठी गाडी म्हणजे मागच्या सीटवर पाय पसरायला जागा, तिथं दोन दारांचं कौतुक कोण करणार.

आपल्याकडं तर विचारूच नका. आपल्याकडं मालक मागं बसतो. कारखान्याचा चेअरमन असो नाहीतर बिल्डर, पुढं ड्रायव्हर, त्याच्या शेजारी एक पीए किंवा कार्यकर्ता, मागं साहेब. दोन दारी गाडीत साहेबानं सीट वाकवून मागं शिरायचं म्हणजे पुढाऱ्यानं कुंपणाच्या फटीतनं सभेला येण्यासारखं आहे. आणि स्वतः चालवायची तर लोकांना वाटणार ड्रायव्हरचा पगार परवडत नाही. २०१६ ला ती एस-क्लासची उघडी गाडी इकडं आली तेव्हा शोरूमची किंमत होती २ कोटी २५ लाख. चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे, चार दारांची एस-क्लास तिथंच जोडतात, पण ही उघडी बाहेरनं तयार यायची आणि तिच्यावर किमतीएवढाच आयात कर. एवढ्या पैशात सांगली साइडला द्राक्षाची चांगली बाग येते. मला माहितेय, ही तुलना दळभद्री आहे, पण कुशनवाल्याच्या पोराच्या डोक्यात दुसरी येत नाही.

मग वाटतं संपलं सगळं. पण असं एकदा आधीही वाटलं होतं आणि तो किस्सा मला भारी आवडतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सगळ्यांची खात्री पटली होती की सरकार गाडी उलटण्याबद्दलचे असे काही नियम आणणार की उघड्या गाड्या बनवताच येणार नाहीत. एकेका कंपनीनं त्या बंद केल्या. कॅडिलॅकनं १९७६ ची एल्डोराडो शेवटची म्हणून विकली, पावणेसहा मीटरच्या आसपास लांब, ८.२ लिटरचं इंजिन, म्हणजे आमच्या गल्लीतल्या दहा ओम्नी एकत्र केल्या तरी भरणार नाही एवढं. त्या वर्षी १४,००० बनल्या, शेवटच्या २०० सगळ्या पांढऱ्या. लोकांनी ठेव पावती घ्यावी तशा घेतल्या आणि गॅरेजात झाकून ठेवल्या. एकदाही छप्पर न उघडलेल्या किती असतील त्यात देव जाणे. ते नियम काही आले नाहीत, आणि १९८४ ला कॅडिलॅकनं परत उघडी एल्डोराडो बाजारात आणली. ज्यांनी शेवटची म्हणून घेतली होती ते चिडून कोर्टात गेले. छप्पर काढता येणं हीच सगळी किंमत होती त्या गाडीची, आणि आता ते दुसऱ्याला पण काढता येणार होतं.

माझा आपला अंदाज असा की ह्या गाड्या अगदी थोड्या राहतील आणि आणखी महाग होतील. वापर किती ते मोजणारा माणूस कंपनीत बसला की तो त्या बंदच करणार, त्याचं बरोबरच आहे, तीन वर्षात दहा वेळा उघडणाऱ्या गोष्टीवर कोण एवढी मोटारी-सिलिंडरं घालेल? पण तो मोजणारा माणूस आमच्या दुकानात बसला असता तर त्यानं बकलाचा हूडपण बंद केला असता, आणि मला नाही वाटत वडापवाल्यांनी ते ऐकून घेतलं असतं. ते समोरच्या दुकानात गेले असते.

बाकी उघडी मोठी गाडी ह्या भागाला नवीन नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, दसरा चौकात येते, ती बघायला आण्णा एकदा तिसरीतल्या मला खांद्यावर घेऊन गेले होते. मला आठवतं ते एवढंच की खूप डोकी, ढोल, सोनं लुटायची घाई, आणि त्या गर्दीतनं सावकाश सरकत येणारं ते लांब नाक. सगळे आत कोण बसलंय ते बघत होते. आण्णा मात्र माझे पाय घट्ट धरून टाचा उंच करत होते, आणि गर्दी पांगल्यावर म्हणाले, "हूड दिसला न्हाय. कुठं ठिवला आसंल?" आमच्याकडं उघडी गाडी म्हणजे मिरवायची गाडी, नवरदेव, निवडून आलेला, राजा. लोकांनी बघावं म्हणून उघडायची. त्या पुण्याच्या माणसाला मात्र लोक बघतात म्हणूनच उघडता येत नव्हती, त्याला ती सुनसान रस्त्यावर, धुक्यात, बायकोबरोबर उघडायची होती. मला त्याचा आधी थोडा राग आला होता, एवढी मोठी गाडी नि दोन माणसं. आता तेवढा येत नाही. थोडा येतो.

त्या दिवशी कणीस संपवून आम्ही माघारी फिरलो. पाऊस वाढलेला, वायपर चरचरत होते, बदलायचे राहूनच गेलेत. आण्णा घाटभर गप्प. डाव्या हाताची बोटं मांडीवर वीत टाकत होती, एक वीत, दोन वीत, परत मागं. मला वाटलं गुडघा दुखतोय. खाली बोगद्यापाशी ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा म्हणाले,

"सव्वातीन मीटर."

"काय सव्वातीन?"

"कापड. सव्वातीन मीटरात बसतोय त्यो हूड. शिवण त्यांनी आतनं घेतलीय, चिकटवलीय बहुतेक. मी दुहेरी टाकली आसती."

मी म्हणालो, "आण्णा, त्याला तुम्ही फिक्सच शिवून द्या की. नाहीतर तो उघडतोय कुठं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी धंद्यात पहिल्यांदाच आलोय.

"फिक्स कोण घील? बकलं लावायची. चार ह्या बाजूला, चार त्या बाजूला."